डोळे आले की आधी थेंब, मग डॉक्टर?

२०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा नागपूर आणि परिसरातून माझ्याकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, जे प्रश्न आले तेच याही पावसाळ्यात येताहेत.

डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं की आपलेही येतात का? (महाल)

नाही. हाताने येतात.

मुलगी घरातही गॉगल लावते. मग इतरांना लागण होणार नाही ना? (धरमपेठ)

होईल. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, एवढंच. विषाणू डोळ्यांतून येणाऱ्या पाण्यात, चिपडांत असतो. डोळा पुसलेला हात दाराच्या कडीला, मोबाइलला लागतो. दुसरा ते धरतो आणि डोळा चोळतो. साथीत बहुतेकदा सापडणारा अ‍ॅडेनोव्हायरस कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस टिकतो. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी वेगळी ठेवा. हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका.

इतवारीतल्या दुकानातून थेंब आणले, दोन दिवसांत लाली गेली. तेच मुलाला घालू का? (गांधीबाग)

अजिबात नाही, आणि तुम्हीही थांबा. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड. लाली उतरते, विषाणू तिथेच राहतो, आणि माणूस बरं वाटलं म्हणून डॉक्टरकडे जातच नाही. डोळा साधा आलेला नसून नागिणीच्या जातीतल्या हर्पीस विषाणूची जखम असेल, किंवा धान कापताना पात लागून बुरशी धरली असेल, तर याच थेंबांनी जखम खोल जाते. बुबुळावर फूल पडतं, नजर जाते. महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू वेगळाच. आठ-दहा दिवस थेंब घालून, डोळा पांढरा पडू लागल्यावर माझ्यासमोर बसलेले शेतकरी मी पाहिलेत. पहिल्याच दिवशी आले असते तर पुष्कळ वाचलं असतं. चिठ्ठी न बघता हे थेंब काउंटरवरून दिले जातात, याचा मला संताप येतो. शिवाय बाटलीचं टोक तुमच्या पापणीला लागलेलं. मुलाला औषधासोबत आजारही द्याल. दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सोसवत नसेल, तर दोघांनीही आजच तपासून घ्या. बाटली सोबत न्या.

शाळेत कधी पाठवू? (मानेवाडा)

पाणी आणि चिकटणं थांबल्यावर, डॉक्टरांना विचारून. कधी दोन आठवडेही लागतात.

बाळ सहा दिवसांचं आहे, डोळे चिकटतात. सासूबाई म्हणतात, आईचं दूध घाला. (कामठी)

घालू नका. जन्मताना आईकडून गोनोरियाचा जंतू आला असेल, तर एक-दोन दिवसांत बुबुळाला भोक पडू शकतं. नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांपैकी मेयो जवळ असेल तर मेयो, मेडिकल जवळ असेल तर मेडिकल. बाळाला घेऊन आत्ताच निघा.