‘ती तर शांत बसते, मग तिलाही एडीएचडी कसा?’

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि मुलगी अकरा. मुलाला गेल्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्षाची कमतरता आणि अति चंचलता अशा नावाच्या विकाराचं, निदान झालं, त्याचं आम्हाला फारसं नवल वाटलं नाही. तो खुर्चीवर कमी आणि खुर्चीखाली जास्त असतो. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. आता त्याच डॉक्टरांनी मुलीलाही एडीएचडी आहे असं सांगितलंय, ‘लक्ष न लागण्याचा प्रकार’ म्हणाले. ती कुणाला त्रास देत नाही, वर्गात गप्प बसते, चित्र काढायला बसली तर तीन तास हलत नाही. वेंधळी आहे, एवढं खरं. या वर्षात दोन छत्र्या आणि एक स्वेटर हरवून आली. काही सांगायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी. पण दोघांना एकच आजार कसा? आणि पुढे तीही भावासारखी होईल का? – एक आई

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझीच एक चूक आठवली. ती आधी सांगते.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका धडपड्या मुलाला घेऊन त्याचे आईवडील माझ्याकडे येत. बरोबर नऊ वर्षांची बहीण असे. भाऊ माझ्या टेबलावरचं पेपरवेट फिरवत असायचा आणि ही कोपऱ्यात बसून फ्रॉकच्या नाडीला गाठी मारायची, सोडवायची, पुन्हा मारायची. ‘किती शहाणी आहे ही!’ असं मी दर वेळी म्हणायचे. सोळाव्या वर्षी ती आली, ती स्वतः पेशंट म्हणून. झोप उडालेली, एकेका धड्याला चार-चार तास देऊन दमलेली, आणि आपण मठ्ठ आहोत अशी पक्की खात्री झालेली. सात वर्षं ती माझ्या समोर बसत होती. मी बघत होते पेपरवेटकडे.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी मुलीकडेही नीट पाहिलं, याचं मला बरं वाटलं.

आता तीन तासांच्या चित्राचं. या विकाराचं नावच फसवं आहे. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता आणि हवं तेव्हा सोडवता येत नाही. आवडीचं, नवं, हातोहात काहीतरी घडताना दिसणारं काम असलं की लक्ष असं चिकटतं की हाकही ऐकू येत नाही. तेच गणिताच्या एकसारख्या वीस उदाहरणांवर तिसऱ्या उदाहरणालाच निसटतं. मुलगी किती वेळ चित्र काढते हे मोजण्यापेक्षा, अर्धवट चित्रावरून तिला उठवायला गेल्यावर काय होतं ते पाहा. मला वाटतं, त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे.

‘एकच आजार कसा’ हा घोळ तुमचा एकटीचा नाही, डॉक्टरांचाही बरीच वर्षं चालला होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत 1968 साली या विकाराचं जे नाव होतं, ते मुलांच्या अति हालचालींवरूनच दिलेलं होतं. 1980 मध्ये लक्षाचा मुद्दा पुढे आला आणि ‘एडीडी’ म्हणजे लक्षाच्या कमतरतेचा विकार हे नाव आलं, चंचलतेसह किंवा चंचलतेशिवाय. 1987 मध्ये ते बदलून एडीएचडी झालं. 1994 मध्ये तीन प्रकार केले गेले. 2013 च्या आवृत्तीत ‘प्रकार’ हा शब्दही काढला आणि ‘प्रेझेंटेशन’ हा आणला, म्हणजे सध्या दिसणारं रूप. कारण साधं होतं, मुलं एका खणात राहीनात. चार वर्षांचं नुसतं धावणारं पोर सातव्या वर्षी लक्षाच्या अडचणीही दाखवू लागे, आणि सोळाव्या वर्षी त्याचं धावणं थांबून फक्त विसरणं उरे. रक्तगट जन्मभर तोच राहतो, हे तसं नाही. फाईलवर लिहिलेला प्रकार म्हणजे साधारण गेल्या सहा महिन्यांचं वर्णन.

वर्णन करायची पद्धत अशी. एका यादीत लक्षाची नऊ लक्षणं आहेत. बारीकसारीक चुका, ऐकूनही न ऐकल्यासारखं वाटणं, सुरू केलेलं काम अर्धवट राहणं, डोकं लावून करायच्या लांबलचक कामाची टाळाटाळ, वस्तू हरवणं, रोजच्या गोष्टींचा विसर वगैरे. दुसऱ्या यादीत चंचलता आणि उतावळेपणाची नऊ. चुळबूळ, जागेवरून उठणं, अखंड बडबड, आपली पाळी येईपर्यंत थांबता न येणं, दुसऱ्याच्या बोलण्यात घुसणं. पहिल्या यादीतली सहा किंवा जास्त असली तर तुमच्या मुलीचं रूप, दुसरीतली असली तर चंचल रूप, दोन्हीकडे सहा भरली तर मिश्र. तुमचा मुलगा पत्रावरून मला मिश्र वाटतो, पण पत्रावरून निदान करू नये, तेव्हा ते सोडा. नुसती मोजणी मात्र पुरत नाही. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, घरी आणि शाळेत अशा निदान दोन ठिकाणी हवीत, आणि त्यांनी खरोखर अडायला हवं. छत्री कोण हरवत नाही!

मुलगी भावासारखी होईल का? सहसा नाही. चंचलता लहानपणी उठून दिसते आणि वयाबरोबर ओसरते, किंवा आत जाते. अकराव्या-बाराव्या वर्षी अचानक नव्याने चंचलता आली तर मी एडीएचडीवर खापर न फोडता दुसरं कारण शोधीन. तुम्ही लक्ष ठेवायचं ते उलट बाजूला. मुलाची धावपळ कमी झाली की ‘सुधारला’ म्हणून त्याची मदत बंद करू नका.

औषधाची निवड या रूपावरून होत नाही. मेथिलफेनिडेट दोन्ही रूपांत उपयोगी पडतं. फरक पडतो तो रोजच्या वागवण्यात. मुलाला अभ्यासात मधेमधे उठू द्या. मुलीला लांबून तीन सूचना एकदम देऊ नका. जवळ जाऊन एकच सांगा, ती झाली की दुसरी, आणि जमेल ते लिहून समोर लावा. पालथा घडा म्हणालात, पण बऱ्याचदा पाणीच फार जोरात आणि एकदम ओतलं जातं.

एक तपासून घ्याच. मुलगी तंद्रीत असताना खांद्याला हात लावला की लगेच भानावर येते का? काही सेकंद हलवूनही प्रतिसाद नाही, नजर कोरी, पापण्या फडफडतात आणि दिवसातून अनेकदा असं होतं, असं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. फिट्सचा एक प्रकार असा शांत असतो आणि तो ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत, कळतो. ऐकू येणं, दृष्टी आणि झोप यांचीही चौकशी व्हावी.

प्रश्न : मी 41 वर्षांचा आहे. लहानपणी कधी मस्ती केली नाही, पण बिलं भरायची राहतात, मीटिंगमध्ये आतून नुसती घुसमट होते. ऑनलाइन चाचणीत एडीएचडी निघाला. या वयात होतो?

उत्तर : या वयात ‘होत’ नाही, या वयात सापडतो. प्रौढांमध्ये नऊपैकी पाच लक्षणं पुरतात, पण बाराव्या वर्षाआधीच्या खुणा लागतातच. मस्ती केली नाही याने काही ठरत नाही, वरचं उत्तर वाचा. ती घुसमट ही मोठ्या माणसाची चुळबूळ असू शकते. तसंच चिंता, नैराश्य, थायरॉइड किंवा अपुरी झोपही असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाचणीसुद्धा नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून न्या. गुण मी बघतही नाही, शेऱ्याचा रकाना बघते. ‘हुशार आहे, पण’ अशी सुरुवात चार इयत्तांत चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दिसली, तर अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा तीच मला जास्त सांगते.