हॉटेलची पाटी बदलायला निघालेल्या मुलीस

प्रिय पोरी,

तू पाठवलेली तिन्ही डिझाइनं पाहिली. काळी पाटी, बारीक सोनेरी इंग्रजी अक्षरं, कोपऱ्यात कढीपत्त्याचं पान आणि खाली 'किचन अँड कॅफे'. विचारलंस, "काका, कुठलं चांगलं?" तिन्ही सुबक आहेत आणि तिन्हींत तुमचं हॉटेल कुठंच नाही. सांगलीच्या विश्रामबागेत लाव नाहीतर पुण्याला कोथरूडमध्ये, काडीचा फरक पडणार नाही.

तुझी कोंडी कळते. बाबा म्हणतात काही बदलायचं नाही, डिझाइन करणारी एजन्सी म्हणते सगळंच बदला, आणि कर्जाचा हप्ता तुझ्या डोक्यावर. पण हरभट रोडला उभं राहून कुणाला तुमच्या हॉटेलचा पत्ता विचारलास का? मी विचारला. पाटीवरचं नाव एकानंही घेतलं नाही. "ते हिरव्या दाराचं, बाहेर फळा असतो बघा." म्हणजे हिरवं दार आणि फळा ही तुमची ओळख, आणि एजन्सीच्या यादीत पहिल्यांदा काढायच्या वस्तू नेमक्या याच! गिऱ्हाईक ज्यावरून ओळखतं त्याला हात लावायचा नाही. बाकी हवं ते कर.

मोठ्या कंपन्यांनीही हे भोगलंय. 2009 साली अमेरिकेत ट्रॉपिकानानं रसाच्या खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढलं. रस तोच होता, पण लोकांना आपलं खोकं ओळखू येईना. दोनेक महिन्यांत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी पडली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. त्यांना ते परवडलं. तुला परवडणार आहे का?

'बाकी' म्हणजे काय, तेही सांगतो. हात धुवायची जागा, बायकांसाठी धड स्वच्छतागृह, भटारखान्यातला धूर ओढणारा पंखा. पार्सलमधल्या मिसळीचा कट घरी पोचेपर्यंत पिशवीभर होतो, ते आधी बघ. पहिला पैसा तिथं घाल. फळा राहू दे, फक्त दर नीट अक्षरात लिहायला लाव. आणि पाटीवर मराठी देवनागरीत हवंच, दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही ते लागू आहे. एजन्सीनं हे सांगितलं नाही?

कडाप्प्याची टेबलं काढून एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुग्याची, आणायची म्हणतेस. अगं, तू सांगलीत हॉटेल चालवतेस! 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा बाजारपेठेतलं प्लायवूड फुगून रस्त्यावर आलं होतं. तुझ्या आजोबांची टेबलं गाळ धुऊन परत मांडली. गिऱ्हाईक त्या थंडगार दगडावर कोपर टेकून बसतं. तीही ओळखच. पुन्हा सांगतो, ओळखीला हात लावायचा नाही.

मी हट्टी आहे हे तू घरी ऐकलं असशील. मिरजेतल्या एका हॉटेलची पाटी वडिलांनी रंगवलेली, पुढं मी उजळत आलो. नव्या मालकानं ती पुसून गुळगुळीत काहीतरी रंगवायला सांगितलं. मी ब्रश खाली ठेवला. त्यानं दुसऱ्याकडून फ्लेक्स करून घेतला आणि आमचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. त्याची बोच आहे. हॉटेल बुडालं म्हणशील, तर नाही, दुपारी गर्दी असते. लोक मला हेच ऐकवतात. पण पहाटे कुलूप उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसणारी माणसं आता तिथं दिसत नाहीत. गल्ल्यात हा तोटा दिसत नाही म्हणून तो झालाच नाही, असं मी मानायला तयार नाही. परत तीच वेळ आली तर ब्रश परत खाली ठेवीन.

असो. मी माझंच सांगत बसलो.

एजन्सीला द्यायच्या पैशातून आधी नाव नोंदव. ट्रेडमार्कच्या 43 व्या वर्गात हॉटेल-खाणावळ येते. पुढं मसाला विकायचा झाला तर 30 वा वर्ग वेगळा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये, नोंदणी 10 वर्षांची, पुढं वाढवता येते. माळ्यावरची जुनी बिलं, परवाने, फोटो रद्दीत घालू नकोस. नाव आधीपासून कोण वापरतंय याला कायद्यात वजन आहे. अर्ज कुणाच्या नावानं करायचा हे बाबा आणि चुलते यांना समोरासमोर बसवून ठरव. तो विषय तू टाळतेयस, मला माहीत आहे. पाटी दोन दिवसांत रंगते, चुलत्यांची सही वेळेत घेतली नाही तर पुढची पिढी कोर्टात बसते.

दाराचा हिरवा रंग उडालाय, तेवढा मी बघतो. डबा आणून ठेव, ऑइल पेंटच आण. आणि ती डिझाइनं मोबाइलवर परत पाठवू नकोस, बारीक अक्षरं मला दिसत नाहीत.

तुझा,
पेंटरकाका