पट्टी माफ व्हावी म्हणून घर नावावर करून घ्यावं का?

प्रश्न: मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, वय ५७. जुळे सोलापुरातल्या ज्या रो हाऊसमध्ये आम्ही दोघं राहतो ते मुलाच्या नावावर आहे, कारण गृहकर्ज त्याच्या पगारावर मिळालं. ताबा जून २०२२ मध्ये घेतला. तो बायको-मुलीसह पुण्यात असतो. घरात माझ्या निवृत्तीचे १८ लाख गेले. ६ लाख ४० हजारांचं कर्ज बाकी आहे, हप्ता तो भरतो. रेडी रेकनरने (सरकारी मूल्यदराने) घराची किंमत ४२ लाख होते. महापालिकेची पट्टी वर्षाला ११,६०० येते. माजी सैनिकांना ती माफ असते असं कळलं. मुलगा म्हणतो, तुमची एफडी मोडून कर्ज फेडू आणि बक्षीसपत्राने घर तुमच्या नावावर करू. मोहोळ तालुक्यातल्या गावी माझ्या नावावर एक घर आहे, त्याची घरपट्टी १,४०० रुपये. मुलगी बार्शीला दिली आहे. निर्णय होईपर्यंत यंदाची पट्टी भरायची थांबवली आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार सुभेदारसाहेब,

आधी पट्टी भरून टाका. महापालिकेच्या थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. घर आज मुलाच्या नावावर आहे, त्यामुळे यंदाच्या बिलाला माफी लागू होण्याचा प्रश्नच येत नाही.

माफीबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पूर्वी ती शौर्यपदकधारक आणि माजी सैनिकांच्या विधवांपुरती होती. २०२० साली राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली आणि सर्व माजी सैनिकांना त्यात घेतलं. शहरातला मालमत्ता कर आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी, दोन्ही त्यात येतात. पण लाभ एकाच घराला मिळतो. तुमचा हिशेब इथूनच बदलतो, कारण गावचं घर आजही तुमच्या नावावर आहे आणि एक रुपया खर्च न करता त्याची माफी मागता येते. म्हणजे शहरातलं घर नावावर करून घेतल्याने होणारी जादा बचत ११,६०० ची नाही, १०,२०० ची आहे. तीसुद्धा बिलातली सगळी रक्कम माफ झाली तर. बिलावर कराशिवाय इतर आकारही असतात, ते माफीत धरू नका.

आता खर्च पाहू. महाराष्ट्रात बापाने मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. ही सवलत सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि तुमच्या मुलानेही बहुधा तीच ऐकली असावी. पण ती पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि दिवंगत मुलाची पत्नी यांना दिलेल्या बक्षिसापुरती आहे. या यादीत आई-वडील नाहीत. मुलाने वडिलांना घर दिलं तर बाजारमूल्याच्या ३ टक्के शुल्क लागतं. ४२ लाखांवर ते १,२६,००० होतं. शहरात १ टक्का अधिभार असतो, त्याचे ४२,०००. नोंदणी फी १ टक्का, पण तिची कमाल मर्यादा ३०,००० आहे. एकूण १ लाख ९८ हजार, वकील आणि कागदपत्रांचा खर्च वेगळा.

वर्षाला १०,२०० वाचवत हे पैसे फिटायला १९ वर्षांहून अधिक लागतील. तेव्हा तुम्ही शहात्तरी गाठलेली असेल. तेच १ लाख ९८ हजार ७ टक्क्यांच्या ठेवीत राहिले तर वर्षाला १३,८६० रुपये व्याज येतं आणि मुद्दलही तुमच्याकडेच राहतं. त्या व्याजातून पट्टी भरूनही काही उरेल. सैन्यात तुम्ही जे दिलंत त्याची राज्याने ठेवलेली ही जाण आहे आणि ती तुमच्या हक्काची आहे. ती सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिच्यासाठी दोन लाख मोजणं मला पटत नाही.

मुलाच्या बाजूनेही दोन गोष्टी तपासा. तो प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असेल आणि कर्जाच्या मुद्दलावर कलम ८०सी ची वजावट घेत आला असेल, तर ताबा घेतल्याच्या आर्थिक वर्षाअखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर दुसऱ्याच्या नावावर गेल्यास आतापर्यंतची ती वजावट त्याच्या करपात्र उत्पन्नात परत धरली जाते. तुमच्या बाबतीत ही मुदत ३१ मार्च २०२८ ला संपते. आणि घरावर बँकेचा बोजा असेपर्यंत तिच्या लेखी संमतीशिवाय बक्षीसपत्र करता येणार नाही. म्हणूनच एफडी मोडायची कल्पना पुढे आली असणार. कर्जाचा दर एफडीपेक्षा जास्त असतो, तेव्हा फेडलेलं बरं, असा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. आकड्यांत ते बरोबर आहे. पण एफडी तुमच्या नावावर आहे आणि घर नाही. आज ६ लाख ४० हजार भरले आणि बक्षीसपत्र काही कारणाने लांबलं, तर तुमच्या हातात पेन्शनशिवाय काहीच उरणार नाही. एफडी मोडू नका.

तुमचं पत्र वाचताना मला खरी काळजी वाटली ती पट्टीची नाही, त्या १८ लाखांची. आयुष्यभराच्या नोकरीचा तो पैसा आहे आणि ज्या घरात तो गेला त्या घरावर कागदोपत्री तुमचा काहीही हक्क नाही. मुलाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, तो स्वतःहून घर द्यायला निघाला आहे. पण माणसाचं बरंवाईट कोणाच्या हातात नसतं. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरून सांगतो. मुलाने मृत्युपत्र केलं नसेल आणि त्याच्या पश्चात प्रश्न आला, तर घराचे तीन समान हिस्से होतील: त्याची आई, त्याची पत्नी आणि त्याची मुलगी. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत. हे ऐकून बहुतेक बापांना धक्का बसतो, कारण आपण राहतो ते घर आपलंच अशी समजूत असते.

उलट घर तुमच्या नावावर आलं आणि तुम्ही मृत्युपत्र केलं नाही, तर तुमच्या पश्चात पत्नी, मुलगा आणि बार्शीची लेक यांचा सारखा हिस्सा होईल. इतकी वर्षं हप्ते भरणाऱ्या मुलाला ते लागेल आणि भावाच्या घरात हिस्सा आल्याने लेकीचीही अडचण होईल. आज तुमच्या घरात कुणाच्या मनात काही नाही. पट्टीच्या निमित्ताने हा गुंता कशाला ओढवून घ्यायचा?

म्हणून मी हे सुचवतो. घर मुलाच्या नावावरच राहू द्या. तुमच्या खात्यातून गेलेल्या १८ लाखांचे बँकेचे उतारे काढा आणि वडिलांनी घरासाठी एवढी रक्कम दिली असं मुलाकडून साध्या शब्दांत लिहून, सही करून घ्या. त्याला मृत्युपत्र करायला सांगा. आई-वडिलांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क आणि तुमच्या रकमेच्या प्रमाणात तुम्हाला हिस्सा, या दोन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. सूनबाईंना बसवून, त्यांच्यासमोर हे करा. पुढचे गैरसमज तिथेच टळतात. आणि राहिलेल्या कर्जाएवढा तरी मुलाचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) आहे ना, हे विचारा. नसेल तर या महिन्यातच घ्यायला लावा. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत निकडीचं काम तेच आहे.

एक शक्यता मात्र मोकळी ठेवतो. मुलगा पुण्यात स्वतःचं घर घेणार असेल आणि हे घर तुमच्याच मालकीचं असावं असं तुम्हा सर्वांना मनापासून वाटत असेल, मुलीशीही बोलून झालं असेल, तर २०२८ च्या मार्चनंतर, कर्ज फिटल्यावर, बक्षीसपत्र जरूर करा. तेव्हा ते दोन लाख मालकीसाठी दिलेले असतील आणि पट्टीची माफी त्यासोबत मिळेल. नावावर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत महापालिकेच्या कर विभागाला हस्तांतरण कळवावं लागतं, ते विसरू नका. गावच्या घराची माफी त्या वेळी सोडावी लागेल.

तोवर गावची माफी मिळवा. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाचं ओळखपत्र, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि रहिवासाचा पुरावा घेऊन जा आणि प्रमाणपत्र घ्या. हा लाभ दुसऱ्या कुठल्याही घरासाठी घेतलेला नाही, असं अर्जात लिहून द्या. मग ग्रामपंचायतीत नमुना ८ चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा जोडून अर्ज करा, पोच घ्या. ग्रामसेवकांनी तोंडी ‘झालं’ म्हटलं तरी थांबा. आकारणीत नोंद झाल्याचा उतारा हातात आल्यावरच काम पूर्ण झालं असं समजा. जुनी थकबाकी असेल तर ती भरून मोकळे व्हा. आणि त्या घराचं तुमचं स्वतःचं मृत्युपत्र वहिनींच्या नावे करून ठेवा. माजी सैनिकाची पत्नी म्हणून पुढे त्यांनाही ही माफी मागता येते, पण त्यासाठी घर त्यांच्या नावावर आलेलं असावं लागतं.