डायलिसिस सुरू झालंय, रुग्णसंघटनेत जाऊन काय मिळणार?

फोंड्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत की बाबांचं डायलिसिस गेल्या महिन्यात सुरू झालं, कुणीतरी मूत्रपिंड रुग्णांच्या संघटनेत जा म्हणून सुचवलं आणि बाबा म्हणतात, "आजारी माणसांत बसून आणखी आजारी व्हायचंय का?" मी अकरा वर्षं मशीनवर आहे, त्यातली नऊ डिचोलीकडच्या अशाच एका लहानशा गटात. सुरुवातीला मीही अगदी हेच म्हणालो होतो.

आधीच सांगतो, पैशांसाठी जाणार असाल तर निराश व्हाल. गटाकडे पैसे नसतात. पण कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे तिथे कळतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंतचं संरक्षण देतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. डायलिसिससाठी किंवा प्रत्यारोपणासाठी रेल्वेने जाताना रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत असते, हे मला दोन वर्षं कुणीच सांगितलं नव्हतं. तोवर मुंबईच्या चार फेऱ्या पुऱ्या तिकिटावर झाल्या होत्या!

संघटनेचा खरा उपयोग मला चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला कळला. माझी डायलिसिसची पाळी सोमवार-बुधवार-शुक्रवारची. शुक्रवार ते सोमवार हा मधला मोठा खंड एरवीही जड जातो, रक्तात पोटॅशियम चढतं, अंगात पाणी साचतं. दुसऱ्या वर्षी चवथीच्या गडबडीत मी शुक्रवार चुकवला. घरभर पाहुणे, वर दोन दिवस खतखतें (कंदमुळं आणि भाज्यांची आमची मिसळ भाजी) आणि सकाळी वाटीभर पेज. पेज म्हणजे पाणीच, ते मोजायचं असतं, हे डोक्यातच नव्हतं. रविवारी रात्री आडवं होता येईना, श्वास पुरेना. मुलाने गाडीत घालून रुग्णालयात नेलं म्हणून आज हे लिहितोय.

आता आमच्या गटात चवथीच्या महिनाभर आधी यादी होते. ख्रिस्ती रुग्ण त्या दिवसांतल्या गैरसोयीच्या पाळ्या घेतात, नाताळात आम्ही आमच्या त्यांना देतो. तंत्रज्ञांना विचारूनच, अर्थात. कुणाचाही दिवस चुकत नाही. शिवाय रविवारी संध्याकाळी एकमेकांना फोन असतो: सूज आहे का, दम लागतो का. आमच्या एका म्हाताऱ्याला हा फोन इतका आवडतो की तो बरा असला तरी पंधरा मिनिटं सोडत नाही.

खाण्याचं म्हणाल तर आहारतज्ज्ञांचा छापील कागद मुंबई-दिल्लीच्या जेवणाचा असतो. त्यात खतखतें कुठलं असणार? सुरण, रताळी बारीक कापून भरपूर पाण्यात उकळायची, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी फेकायचं आणि मग दोन चमचेच घ्यायचे, हे माझ्या बायकोला शेजारच्या खुर्चीवरल्या रुग्णाच्या बायकोने शिकवलं. आणि करमल, म्हणजे कापलं की चांदणी दिसते ते स्टार फ्रूट, अजिबात नाही. लोणच्यातलंही नको. त्यातलं विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, आपलं टाकू शकत नाही. खाल्लं गेलंच आणि न थांबणारी उचकी लागली तर घरी वाट बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. बिंबल, म्हणजे त्याच जातीचं ते आंबट फळ, तेही टाळाच.

एक इशारा. अशा गटांच्या आसपास दोन प्रकारची माणसं घुटमळतात: क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते) उतरवणारा काढा विकणारी आणि "किडनी मिळवून देतो" म्हणणारी. १९९४ च्या कायद्यानुसार अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक, त्याबाहेरच्या दात्याला समितीची परवानगी लागते. ज्या गटाचे कार्यकर्ते अशा माणसांना दारात उभं करतात तो गट सोडा.

बाबांना लगेच ओढून नेऊ नका. पहिल्यांदा तुम्हीच जा आणि रुग्णांबरोबर आलेल्या बायकांत बसा. तिथे फिस्चुलाच्या हाताबद्दल (डायलिसिससाठी ज्या हातात शीर आणि धमनी जोडतात तो) जरूर विचारा: त्या हाताला बीपी नको, डायलिसिसशिवाय दुसरी सुई नको, उशाखाली घेऊन झोपणं नको आणि रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. थरथर लागेनाशी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

बाबांची पाळी कुठल्या वारांची आहे ते इथेच लिहा. यंदाची चवथ मधल्या खंडात येते का, ते बघून सांगतो.