पहिल्या महायुद्धात सैनिक स्वतःच्या पैशाने घेतलेलं पिस्तूल आघाडीवर नेत का? त्याला काही नियम होता का?

नेत, पण सगळे नाही. हे उत्तर ब्रिटिश फौज आणि तिच्या अखत्यारीतली हिंदी फौज यांच्यापुरतं आहे. तिथे शिपाई आणि अफसर यांचा हिशेबच वेगळा होता. मराठा पलटणीतला शिपाई असो की लँकेशायरचा, त्याला सरकारी .३०३ रायफल (हे आकडे म्हणजे नळीचं माप, इंचात) आणि संगीन मिळे. मशिनगनवाले, रणगाड्यातले, मिलिटरी पोलीस यांना रायफलऐवजी किंवा रायफलच्या जोडीला सरकारी रिव्हॉल्व्हर मिळे. अफसराचं नेमकं उलट. तलवार, दुर्बीण, पट्टा आणि रिव्हॉल्व्हर हे सगळं त्याने गणवेशासारखंच आपल्या खिशातून घ्यायचं.

नियम होता, आणि तो हत्याराचा नव्हता, काडतुसाचा होता. पिस्तूल कुठल्याही कंपनीचं चालेल, मात्र त्यात सरकारी .४५५ काडतूस बसलं पाहिजे. यामागे साधा पुरवठ्याचा हिशेब आहे. बटालियनच्या भांडारातून १२-१२ काडतुसांची पाकिटं येतात ती एकाच मापाची. तुमचं हत्यार .३२ चं असलं तर पहिल्या आठवड्यानंतर तुम्ही कमरेला नुसतं लोखंड बांधून फिरताय, इतकंच.

हा नियम किती शहाणपणाचा होता हे चर्चिलच्या उदाहरणावरून कळतं. १८९६ मध्ये मुंबईत ससून डॉकवर उतरताना त्याचा खांदा निखळला आणि तो पुढे आयुष्यभर दगा देत राहिला. तलवार चालवणं धोक्याचं झालं, म्हणून १८९८ मध्ये सुदानमधल्या ओम्दुरमानच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्यात त्याने स्वतःचं माउझर पिस्तूल वापरलं: ७.६३ मिमी, १० गोळ्या. झकास हत्यार, पण त्याची काडतुसं ब्रिटिश भांडारातली नव्हती. थोड्या दिवसांच्या मोहिमेत ते खपून गेलं. चार वर्षं खंदकात बसायचं म्हटल्यावर हे जमणारं नव्हतं.

खरेदी कुठून? बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट, लंडनची विल्किन्सन (तिच्या नावाने विकली जाणारी रिव्हॉल्व्हरंही वेब्लीचीच, फक्त जास्त नीट घासूनपुसून केलेली), आणि आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स. या शेवटच्या दुकानाची शाखा मुंबईतही होती. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग ती हीच. १९१५ मध्ये वेब्ली मार्क ६ हे लष्कराचं अधिकृत रिव्हॉल्व्हर ठरलं आणि कारखान्याचा माल सरकारकडे जाऊ लागला. मग अफसरांनी अमेरिकेकडे मोर्चा वळवला. कोल्टचं न्यू सर्व्हिस आणि स्मिथ अँड वेसनचं हँड इजेक्टर ही दोन्ही .४५५ मध्ये मिळत. सरकारलाही माल पुरेना, तेव्हा त्यांनी स्पेनमधल्या ऐबारच्या कारखान्यांकडून रिव्हॉल्व्हरं घेतली.

मला विचाराल तर वेब्ली मार्क ६ ला तोड नव्हती. सहा गोळ्या, सहा इंची नळी, वजन जवळपास १.१ किलो. घोड्याशेजारची (घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा) कळ अंगठ्याने दाबून नळी खाली मोडायची, की मधली चांदणी (पुंगळ्या बाहेर ढकलणारा ताऱ्यासारखा भाग) वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. यात चूक एकच होते, ती म्हणजे हळूहळू उघडणं. अर्धवट उघडलं की एखादी पुंगळी चांदणीच्या पाकळीखाली सरकते. मग सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) बंद होत नाही आणि ती नखाने उकरत बसावं लागतं. म्हणून एका झटक्यात, शेवटपर्यंत उघडायचं. दुसरी गोष्ट चिखलाची. चांदणीच्या मागच्या बाजूला वाळूचा कण अडकला तरी ती पूर्ण बसत नाही आणि सिलिंडर जड फिरतो. तिथे बोट फिरवून पुसणं हे नळी पुसण्याइतकंच महत्त्वाचं. तेल मात्र बेताचंच हवं. जादा तेलाला धूळ चिकटते, आणि मेसोपोटेमियासारख्या (आजचा इराक) मुलुखात त्याची खळ व्हायला वेळ लागत नाही.

याच्या उलट उदाहरण वेब्ली-फॉस्बेरीचं. कर्नल फॉस्बेरी हिंदी फौजेतलेच, व्हिक्टोरिया क्रॉसवाले. त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सुटली की नळी आणि सिलिंडर असा वरचा सगळा भाग खालच्या चौकटीवरून मागे सरकतो, घोडा आपोआप चढतो आणि सिलिंडरवरच्या नागमोडी खाचांमुळे पुढचं काडतूस समोर येतं. चाप हलका, नेम सुरेख. पण वरचा भाग खाचेतून सरकतो, म्हणजे त्या खाचेत चिखल गेला की संपलं. शिवाय मनगट ढिलं राहिलं तर भाग पूर्ण मागे जात नाही आणि घोडा चढत नाही. नेमबाजीच्या मैदानावर अफलातून, खंदकात नकोसं. लष्कराने ते कधीच अधिकृत केलं नाही, पण .४५५ चं असल्यामुळे खासगीत न्यायला हरकत नव्हती.

काडतुसाचंही एक प्रकरण आहे. सरकारी .४५५ काडतुसाचा मार्क ४ हा प्रकार चपट्या तोंडाच्या गोळीचा होता. १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यात शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई होती आणि चपट्या तोंडाच्या शिशावर त्यावरून बोट ठेवता आलं असतं. म्हणून १९१४ मध्ये ते मागे घेऊन गोल तोंडाचं मार्क २ पुन्हा चालू केलं: २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १७ ग्रॅमची शिशाची गोळी, वेग सेकंदाला साधारण १८० ते २०० मीटर. जड आणि संथ. त्यामुळे धक्का हात ढकलल्यासारखा लागतो, चाबकासारखा नाही.

आणखी एक घोळ: .४५५ नावाची दोन वेगळी काडतुसं होती. एक रिव्हॉल्व्हरचं, दुसरं वेब्लीच्या स्वयंचलित पिस्तुलाचं. कोल्ट १९११ चीही .४५५ आवृत्ती निघाली, ती या दुसऱ्या काडतुसाची. नाव सारखं म्हणून एकाचं दुसऱ्यात भरायचं नाही.

जोडीच्या वस्तूही अफसर स्वतःच घेत. प्रिडोचं चकतीसारखं साधन सहा काडतुसं एका दाबात भरून देई. ते खरंच कामाचं. प्रिचर्डची रिव्हॉल्व्हरला लावायची संगीन, जुन्या फ्रेंच ग्रास संगिनीच्या पात्यातून बनवलेली, मला तरी शोभेचीच वाटते.

शेवटी, ज्यांच्या घरी परवान्यावर आजोबांचं जुनं .४५५ वेब्ली आहे त्यांच्यासाठी. युद्धानंतर बऱ्याच वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू कातून ती अमेरिकन .४५ एसीपी काडतुसासाठी बदलली गेली. ते काडतूस अर्धचंद्रासारख्या पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवून भरलं की बसतं, उडतंही. पण त्याचा दाब मूळ .४५५ पेक्षा बराच जास्त असतो आणि ही चौकट त्यासाठी बनलेली नाही. सिलिंडर तडकलेले नमुने त्यामुळेच सापडतात. बंद केल्यावर सिलिंडर आणि मागची भिंत यांच्यामध्ये रुंद फट दिसली, तर तो कातलेला आहे असं समजा, आणि परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवल्याशिवाय त्यात काहीही भरू नका.