“बैठकीहून घरी गेल्यावर ह्यांनी हात उचलला तर?”

“ताई, मी ह्यांना तुमच्या बैठकीला घेऊन येईन. येतील तेही. पण तिथं काही विषय निघाला आणि घरी गेल्यावर ह्यांनी सगळा राग माझ्यावर काढला तर?”

पालक-जोडप्यांच्या गटाचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. बहुधा दारात, चपला घालता घालता, आवाज खाली करून विचारलेला. “तसं काही होणार नाही हो,” असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. का, ते सांगण्यासाठी ही हकिगत लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी दोघांनाही वेगवेगळं विचारलं आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका अंगणवाडीत आम्ही सहा जोडप्यांचा गट सुरू केला. आठवड्यातून एक संध्याकाळ, बारा आठवडे. विषय मुलांचा: अभ्यास, हट्ट, मोबाइल, शिक्षा. “घरातली मारहाण” असा फलक लावला असता तर एकही पुरुष आला नसता. “मुलांना वळण कसं लावायचं” म्हटल्यावर सहाच्या सहा आले. यात फसवणूक नाही. मुलावर उगारलेला आणि बायकोवर उगारलेला हात अनेक घरांत एकाच माणसाचा असतो, आणि मुलाबद्दल बोलायला बाप लवकर तयार होतो.

प्रश्न विचारणारी बाई तिशीतली, मुलगा आठ वर्षांचा, दुसरीतला. नवऱ्याचा खाणीवर स्वतःचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी कसंबसं निभावलं. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि ट्रक दारात उभा राहिला. शेवटी मिळेल त्या किमतीला विकला, तरी कर्ज उरलंच. आता तो औद्योगिक वसाहतीत कामगारांची बस चालवतो. पोराचं पाढ्यात अडलं की पट्टा काढतो. बायको मध्ये पडली की तिलाही ढकलतो, दोन वेळा थोबाडीत मारली होती.

गटात घेण्याआधी आम्ही प्रत्येक बाईशी एकटीशी बोलतो, तेही तिच्या घरी नाही. तिला मी नेमकं विचारलं. त्यांनी कधी गळा दाबलाय? कोयता, सुरी दाखवलीय? जिवे मारीन म्हणालेत? माहेरी फोन करू देत नाहीत असं होतं? आज इथून घरी जायची भीती वाटते? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं असतं, तर दोघांना एका खोलीत बसवायचा विषय मी तिथंच मिटवला असता. अशा घरात एकत्र बैठक म्हणजे बाईला धोक्यात ढकलणं आहे. तिथं आधी तिची सुरक्षितता, पोलीस, घरगुती हिंसा कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, वकील. गट नाही.

तिची उत्तरं ‘नाही’ होती. तिला संसार मोडायचा नव्हता, मार थांबायला हवा होता. आणि एका गोष्टीने ती फार गोंधळली होती. “सासूबाई म्हणायच्या, दारू सुटू दे, सगळं ठीक होईल. शिमग्यापासून ह्यांनी थेंब घेतलेला नाही, काजूच्या दिवसांत हुर्राकसुद्धा नाही. तरी पट्टा निघतोच.”

हा गोंधळ तिचा एकटीचा नाही. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास झाला होता. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. तीन महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्यातल्या १०० पैकी ४२ जणांनी आधीच्या पंधरवड्यात दारूला हात लावला नव्हता. ज्यांना हे समुपदेशन मिळालं नाही त्यांच्यात हे प्रमाण १८ होतं. एवढं मोठं यश. पण पत्नीवरच्या हिंसेत फरक दिसला नाही. दारू सुटणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण “घरात माझा धाक हवा” ही समजूत बाटलीतून आलेली नसते, त्यामुळे बाटलीबरोबर जातही नाही.

गटात पुरुषांची बैठक बहुतेक वेळा वेगळी होते आणि ती घेतो एक पुरुषच, त्याच पंचक्रोशीतला, खाणीवर मशीन चालवलेला. माझ्यापेक्षा त्याचं ते जास्त ऐकतात, हे मी मनापासून मान्य करते. तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, “लहानपणी तुमच्या वडिलांचा तुम्ही खाल्लेला मार आठवतो का?” कुणी छडी सांगितली, कुणी फणसाला बांधून ठेवल्याचं सांगितलं. हशा झाला. तिच्या नवऱ्याने सांगितलं, की वडिलांच्या सायकलचा आवाज आला की तो गोठ्यात जाऊन बसायचा. “मार बसायचा म्हणून नाही. कधी बसेल ते कळायचं नाही म्हणून.” यावर कुणी हसलं नाही.

चौथ्या आठवड्यात चोवीस तासांचा कागद. जोडप्यातल्या प्रत्येकाने पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण काय करतं ते तासातासाने लिहायचं. तिचा कागद पहाटे पाचला सुरू झाला आणि पाठीमागच्या बाजूला गेला. नवऱ्याने तो बराच वेळ हातात धरला होता. मला वाटलं, जमतंय. आणि त्या उत्साहात पुढच्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली.

पाचवी बैठक एकत्र होती, विषय घरखर्च. मी तिला थेट विचारलं, “घरात पैसे कुणाकडे असतात?” तिने सगळ्यांसमोर खरं सांगितलं, की गृहआधारचे, म्हणजे गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे, पैसे खात्यात आले की तेसुद्धा त्यांच्याच हातात जातात. खोलीत कुणीच काही बोललं नाही. त्या रात्री घरी नवऱ्याने तिच्या थोबाडीत मारली. पोरगा जागा होता.

तिने ज्याची भीती बोलून दाखवली होती, नेमकं तेच घडलं, आणि ते माझ्या प्रश्नामुळे घडलं. मारण्याची जबाबदारी मारणाऱ्याचीच. पण तो प्रश्न तिला आधी एकटीला विचारून, “हे चारचौघांत काढू का?” अशी परवानगी घेऊन मग विचारायचा, ही जबाबदारी माझी होती. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली.

मग आम्ही दोन कामं केली. पुरुषांची बैठक घेणारे गृहस्थ नवऱ्याला तिच्या संमतीने एकटे भेटले आणि गोडगोड न बोलता स्पष्ट सांगितलं: हा गुन्हा आहे, पुन्हा घडलं तर आम्ही तिच्या बाजूने तक्रारीला उभे राहू, आणि तोवर एकत्र बैठक बंद. पुरुषांच्या बैठकीला मात्र यायचं. दुसरीकडे मी तिच्याबरोबर बसून तिची पिशवी तयार केली. आधार कार्ड, पासबुक, पोराचा जन्मदाखला, लग्नाच्या नोंदणीची प्रत, थोडे रोख पैसे. ती तिच्या आईकडे ठेवली. फोनमध्ये पोलिसांचा ११२ आणि महिलांसाठीच्या मदतीचा १८१ हे क्रमांक, मुलासाठी १०९८. २००५ च्या घरगुती हिंसा कायद्यानुसार कायद्याच्या प्रक्रियेशिवाय तिला राहत्या घरातून कुणी बाहेर काढू शकत नाही, हे तिला समजावलं. आणि गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा असतो, हेही. ती गप्प झाली. निबंधकाच्या कार्यालयात तिने सह्या केल्या होत्या, पण त्या कसल्या, हे तिला दहा वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं.

मग असे गट घ्यावेत तरी का, असं कुणी विचारलं तर मी रवांडाचं उदाहरण देते. तिथल्या ‘बांदेबेरेहो’ या कार्यक्रमात लहान मुलांच्या वडिलांना १५ बैठका होत्या, त्यातल्या काहींना बायकाही बसत. जवळपास १२०० जोडप्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन भागांत वाटणी केली होती. २१ महिन्यांनी बायकांना वेगळं विचारलं. कार्यक्रम न मिळालेल्यांत वर्षभरात नवऱ्याचा मार खाल्लेल्या १०० पैकी ५७ निघाल्या, कार्यक्रमातल्या घरांत ३३. मुलांना मारणंही कमी झालं होतं. हा फरक मोठा आहे, त्यासाठी मी गावोगाव फिरते. पण त्या ३३ बायकाही माझ्या डोळ्यांपुढे असतात. म्हणून दारात उभ्या असलेल्या बाईला मी सांगते: होऊ शकतं. त्याची तयारी आपण आधी करू, आणि तुम्ही नको म्हणालात तर एकत्र बसायचं नाही.

त्यांच्या घरात त्या थोबाडीनंतर हात उठलेला नाही, असं ती सांगते. मी दर महिन्याला तिला एकटीला विचारते. चवथीला गणपतीच्या वर फळाभाज्यांची माटोळी बांधताना पोराच्या हातून नारळ निसटला आणि खालच्या समईवर पडला. हे मला नवऱ्यानेच गटात सांगितलेलं कळलं. तो म्हणाला, “पोरानं नारळाकडे नाही बघितलं, समईकडे नाही. माझ्या हाताकडे बघितलं.” मग त्याने समई उचलून पोराला पुसायला दिली.

पुरुषांच्या बैठकीला तो अजून येतो. गृहआधारचे पैसे आता ती स्वतः काढते. आईकडची पिशवी अजून तिथंच आहे, आणि ती परत आणा असं मी तिला सांगितलेलं नाही.