बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात थोरल्याला डावलून धाकटा भाऊच पुढे का जातो?

कारण त्या समाजात थोरल्याचा हक्क पक्का होता, म्हणून तो मोडला जाणं हीच सांगण्याजोगी गोष्ट ठरली. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात तर नियमच आहे: आई नावडती असली तरी थोरल्याला दुप्पट वाटा.

पण माझ्या मते खरी सूत्रं आईकडे आहेत. इसहाकाचा जीव थोरल्या मुलावर, एसाववर; त्याच्या बायकोचा, रिबकेचा, धाकट्या याकोबावर. थोरल्याचा आशीर्वाद मिळवायला दृष्टी गेलेल्या बापापुढे याकोबाला एसावचे कपडे चढवून, हातांवर करडांची कातडी लावून पाठवते ती रिबकाच. त्याची किंमत याकोब पुढे मोजतो. मामा लाबान त्याला लग्नात राहेलऐवजी तिची थोरली बहीण लेआ देतो, आणि त्याचीच मुलं बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला त्याच्या लाडक्या मुलाचा, योसेफचा, झगा त्याला दाखवतात.

एसावला लोक उगाच खलनायक ठरवतात. वर्षांनंतर धावत येऊन भावाला मिठी मारतो तो एसावच.